डायोड निवडताना आधी उलटी बाजू बघा: ४००७, शॉटकी, ४१४८ की झेनर?

डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घेताना बहुतेक जण आधी फॉरवर्ड ड्रॉप बघतात, म्हणजे सरळ वाहताना त्यावर पडणारं व्होल्टेज. मी आधी रिव्हर्स बायसचे, म्हणजे उलट्या व्होल्टेजचे, आकडे बघतो, कारण खरा घोळ बऱ्याचदा डायोड 'बंद' असतानाच होतो.

उलटं व्होल्टेज लावलं की जंक्शनमधला डिप्लीशन थर (जिथे प्रवाह वाहणारे कण उरत नाहीत तो) रुंदावतो आणि प्रवाह थांबतो, पण पूर्ण नाही. थोडी गळती राहतेच. निवड ठरते ती या गळतीवर, आणि ती तापल्यावर किती वाढते यावर.

१एन४००७ आणि १एन५८१९ शेजारी ठेवा. दोन्ही १ अँपिअरचे. ४००७ उलटे १००० व्होल्ट सोसतो आणि तेव्हाही २५ अंश सेल्सिअसला त्याची गळती जास्तीत जास्त ५ मायक्रोअँपिअर. ५८१९ हा शॉटकी, म्हणजे धातू आणि सिलिकॉनच्या जोडाचा डायोड. त्याची मर्यादा ४० व्होल्ट, तिथे गळती १ मिलिअँपिअरपर्यंत, आणि १०० अंशांना १० मिलिअँपिअरपर्यंत. शॉटकीत धातू आणि सिलिकॉन यांच्यातला अडथळा कमी उंचीचा असतो. ड्रॉप कमी पडतो तो त्यामुळेच, आणि गळती जास्त होते तीही त्यामुळेच. एक हवं तर दुसरं पत्करावं लागतं.

हा फरक टेबलावर सहज दिसतो. १२ व्होल्टच्या सप्लायला डायोड उलटा लावा आणि सिरीजमध्ये डीसी व्होल्टवर ठेवलेला मल्टिमीटर जोडा. बहुतेक डिजिटल मीटरचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो, म्हणजे मीटरवरचा १ व्होल्ट म्हणजे १०० नॅनोअँपिअर. ४००७ ला आकडा शून्याजवळच राहतो. ५८१९ लावला की जवळपास सगळे १२ व्होल्ट मीटरवर येतात. आता ४००७ च्या पायाला तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवा आणि आकडा चढताना बघा.

व्होल्टेजची मर्यादा ठरवताना ट्रान्सफॉर्मरवरच्या आकड्यावर विसंबू नका. १२ व्होल्ट एसीचं शिखर सुमारे १७ व्होल्ट. हाफ-वेव्ह (एकाच डायोडच्या) रेक्टिफायरपुढे कपॅसिटर असेल तर कपॅसिटरवरचे १७ आणि ट्रान्सफॉर्मरचे उलटे १७ मिळून डायोडवर उलटे सुमारे ३४ व्होल्ट येतात. ४० वाला शॉटकी तिथे मी लावणार नाही. चार डायोडच्या ब्रिजमध्ये मात्र तो चालेल.

वेगाच्या बाबतीत ४००७ मागे पडतो. व्होल्टेज उलटं झाल्यावरही साठलेला चार्ज निघून जाईपर्यंत काही मायक्रोसेकंद तो उलटा वाहतच राहतो. त्यामुळे एसएमपीएसमध्ये (वेगाने स्विच होणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये) तो तापतो. तिथे जास्त व्होल्टेजला यूएफ४००७ (७५ नॅनोसेकंदांत बंद होणारा), कमी व्होल्टेजला शॉटकी. छोट्या सिग्नलला १एन४१४८: ४ नॅनोसेकंद, १०० व्होल्ट, आणि २० व्होल्टला गळती फक्त २५ नॅनोअँपिअर.

झेनरचं कामच ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ठरलेल्या उलट्या व्होल्टेजला वाहू लागण्यात. ब्रेकडाउनने तो मरत नाही, उष्णतेने मरतो. म्हणून सिरीज रेझिस्टर हवाच. साधारण ५ व्होल्टच्या खालच्या झेनरचं व्होल्टेज तापल्यावर घटतं, बरंच वर गेलं की वाढतं. ५.६ च्या आसपास हे दोन परिणाम एकमेकांना जवळपास खोडतात, म्हणून स्थिर संदर्भासाठी मी तोच घेतो.

घड्याळाच्या चिपला बॅकअप देणाऱ्या बटण सेलपुढे काय लावायचं? शॉटकीची गळती चार्ज न करायच्या सेलमध्ये उलटी शिरते. ०.६ व्होल्टचा ड्रॉप चिपला परवडत असेल तर सरळ ४१४८ लावा. परवडत नसेल तर कमी गळतीचा छोटा शॉटकी शोधा, आणि डेटाशीटमध्ये त्याचा २५ अंशांचा नव्हे, तापलेल्या अवस्थेतला गळतीचा आकडा वाचा.