एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी: गॅस, इंडक्शन की मायक्रोवेव्ह?

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, कुठेही बघा, सत्तरी ओलांडलेलं जोडपं नाहीतर त्यातलं एकच माणूस राहतंय अशी कितीतरी घरं आहेत. मुलं बंगळुरूला किंवा परदेशात. पोळीभाजी बाई करून जातात किंवा डबा येतो. घरात उरतं ते गरम करणं, चहा-दूध आणि कधी मऊ भात. अशा घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: गॅस काढू नका, पण रोजचं गरम करणं मायक्रोवेव्हवर न्या.

भाकरी भाजायला गॅसच हवा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी चहा अडत नाही. पण उतारवयात धोकेही त्याचेच जास्त. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस चालूच राहतो. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळतात, पण वयाबरोबर नाकच मंदावतं. पदराचं किंवा गाऊनच्या सैल बाहीचं भय तर आहेच.

इंडक्शनला ज्योत नाही, भांडं उचललं की ते तापवणं थांबवतं आणि फोडणीही होते. भांडी मात्र सपाट बुडाची, लोहचुंबक चिकटेल अशीच लागतात. पेसमेकर असेल तर चालू शेगडीपासून साधारण २ फूट लांब राहायला सांगतात. ओट्यापाशी उभं राहून ते कसं जमणार? आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

मायक्रोवेव्हबद्दल पहिली शंका किरणांची असते. या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, रेडिओलहरींच्याच कुळातल्या. क्ष-किरणांसारखी रेणू तोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. त्या मुख्यतः अन्नातल्या पाण्याचे रेणू हलवतात, त्यातून उष्णता होते. दार उघडलं की लहरी बंद. अन्नात काही साठून राहत नाही. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि दारातल्या जाळीची भोकं अगदी बारीक, म्हणून आतलं दिसतं पण लहर बाहेर येत नाही. दार वाकलं असेल किंवा नीट लागत नसेल, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नका. सत्त्व जातं म्हणावं तर भाजी थोड्या पाण्यात, थोड्या वेळात शिजते. भरपूर पाण्यात उकळून ते ओतून देण्यापेक्षा क जीवनसत्त्व यात जास्त टिकतं.

काळजी घ्यायची ती दुसरीकडेच. लहरी अन्नात दोनतीन सेंटिमीटरच शिरतात. फ्रिजमधली वाटीभर आमटी बाहेर काढली की कडेला बुडबुडे आणि मध्ये गारढोण. म्हणून निम्म्या वेळात थांबवून तळापासून ढवळायचं, पुन्हा लावायचं आणि झाल्यावर मिनिटभर तशीच ठेवायची. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात जंतू विष तयार करू शकतात. ते गरम केल्यानं जात नाही, ना मायक्रोवेव्हमध्ये ना गॅसवर. उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे.

नुसतं पाणी गुळगुळीत कपात फार तापवलं तर न उकळताच उकळबिंदूच्या वर जातं आणि चमचा घालताच अंगावर उसळतं. चहाचं पाणी गॅसवर किंवा विजेच्या किटलीतच ठेवावं. स्टीलची वाटी आत नको, सालासकट अंडं नको, हॉटेलातून आलेला प्लास्टिकचा डबाही नको. काचेचे किंवा चिनीमातीचे दोनतीन वाडगे वेगळे काढून ठेवा. पापड मात्र जरूर भाजा. मिनिटाच्या आत, तेलाविना होतो.

घ्यायचा तर २० लिटरचा साधा सोलो, म्हणजे फक्त मायक्रोवेव्ह लहरींवर चालणारा, पुरतो. कन्व्हेक्शनचे, म्हणजे गरम हवेनं भाजण्याच्या सोयीचे, पैसे केक करणाऱ्यांनी घालावेत. टच पॅनलपेक्षा फिरवायची दोन बटणं असलेलं मॉडेल बघा आणि वेळेच्या बटणापाशी एका मिनिटाच्या खुणेवर लाल टिकली चिकटवा. चष्मा नसला तरी दिसते. जुन्या इमारतींत ओट्याजवळ बहुधा लहान पॉइंटच असतो. आधी वायरमनकडून १६ अँपिअरचा काढून घ्या. १२०० वॅट खेचणारं यंत्र रोज दहा मिनिटं चाललं तर ०.२ युनिट, म्हणजे बिलाची चिंता नको. ठेवायचं ओट्याच्या उंचीवर. डोक्यावरच्या फळीवरून गरम आमटी उतरवायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं असेल, तर तिन्हींपैकी काहीच त्यांच्या एकट्यावर सोपवू नका. डबा गरम असतानाच जेवणाची वेळ ठरवा आणि बाईंना जाताना चहाचा थर्मास भरून ठेवायला सांगा.