व्हेरिएबल एनडी घ्यावा की फिक्स्ड एनडी आणि सीपीएल?

दिवसाउजेडी धबधब्याचं पाणी दुधाळ उतरवायचं तर एनडी, म्हणजे लेन्ससमोर लावून उजेड कमी करणारी काळी काच, लागतो, हे वेगळं सांगायला नको. घोडं अडतं ते पुढे. रिंग फिरवून काळोख कमी-जास्त करता येणारा एकच व्हेरिएबल एनडी घेऊन मोकळं व्हावं, की सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) ठरावीक काळोखाचा फिक्स्ड एनडी आणि जोडीला सीपीएल, म्हणजे चकाकी कापणारा फिरता पोलरायझर, घ्यावा?

व्हिडिओच मुख्य असेल तर व्हेरिएबल घ्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला शटर १/५० सेकंदावर ठेवायचं आणि नाशिकच्या गोदाघाटावर ऊन-सावलीचा खेळ चाललेला, अशा वेळी रिंग फिरवून उजेड सांभाळण्यासारखी सोय नाही. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीत फिल्टर काढत-घालत बसायला जागा तरी कुठे मिळणार?

स्थिरचित्रांसाठी मात्र माझं मत फिक्स्डकडे झुकतं, आणि त्याचं कारण एकच आहे. व्हेरिएबल म्हणजे समोरासमोर बसवलेले दोन पोलरायझर. पुढची काच फिरवली की काळोख वाढतो, पण चकाकी कापणारी काचही तीच असते. नाशिकजवळच्या सोमेश्वर धबधब्यावर ओल्या काळ्या कातळावर हे लगेच लक्षात येतं. कमी काळोखावर कातळाची चकाकी गेलेली असते, शेवाळाचा हिरवा रंग छान वर आलेला असतो. अर्ध्या सेकंदाचं शटर हवं म्हणून रिंग पुढे सरकवावी, तर कातळ पुन्हा पांढरा पडतो. सगळ्यात कमी काळोखापासून सगळ्यात जास्तीपर्यंत काच साधारण पाव फेरा फिरते आणि तेवढ्यात पोलरायझरचा परिणाम पुरता उलटतो. अख्खा फिल्टर सैल करून कोन जुळवता येतो, पण मग तो लेन्सवर नीट घट्ट बसत नाही. शिवाय १६-२० मिमीच्या वाइड (रुंद कोनाच्या) लेन्सवर काळोख वाढवत नेला की फोटोभर फुलीसारखा काळा पट्टा उमटतो. चांगल्या फिल्टरला त्याआधीच अडकण दिलेली असते, तरी आडातच ही अडचण असेल तर पोहऱ्यात किती टळणार!

फिक्स्डमध्ये चकाकी आणि काळोख वेगवेगळे हाताळता येतात. एनडी आत, सीपीएल बाहेर. फिल्टरशिवाय शटर १/१२५ सेकंद मिळत असेल तर सीपीएल साधारण दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे १/३० समजा. त्यावर सहा स्टॉपचा एनडी६४ चढवला की दोन सेकंद. पाण्याच्या धारा सुट्या दिसायला हव्या असतील तर दोन सेकंद जास्त होतात, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) दोन स्टॉप वाढवून अर्ध्या सेकंदावर या. दहा स्टॉपच्या एनडी१००० मधून फोकस बहुधा चाचपडतो, आधी फोकस करून तो मॅन्युअलवर टाकावा लागतो. एनडी६४ मधून ऑटोफोकस सहसा चालतो. म्हणून पहिला घ्यायचा तर सहा स्टॉपचाच. दोन फिल्टर एकावर एक चढवल्यावर फार वाइडला कोपरे काळवंडू शकतात, तेव्हा बारीक कडेचेच बघा.

आकार सगळ्यात मोठ्या लेन्सचा घ्यावा, ७७ किंवा ८२ मिमी, आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठा फिल्टर बसवणारी जोडरिंग. हूड (लेन्सपुढचं छत्र) तेवढा बसत नाही, पावसाळ्यात छत्री धरणारं कुणीतरी सोबत हवं.

ओलाव्यात अॅल्युमिनियमच्या रिंगा एकमेकींत अडकतात. पितळी रिंग हा त्रास खूप कमी देते. बी प्लस डब्ल्यू कंपनीच्या अनेक फिल्टरना ती असते. अडकलाच तर दोन बोटांच्या चिमटीत दाबू नका, त्याने रिंग अंडाकृती होऊन जास्तच आवळते. रबरी चपलेचा स्वच्छ तळ सपाट टेकवून, कडेवर सगळीकडे सारखा दाब देत डावीकडे फिरवा.

दुकानात ट्यूबलाइटखाली काच तिरकी धरा. प्रतिबिंब लख्ख पांढरं दिसलं तर कोटिंग (प्रतिबिंब कमी करणारा थर) नाही. मंद हिरवट-जांभळं दिसलं तर चांगलं. उघडी काच प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के उजेड परतवते, उन्हासमोर फोटोत उजेडाचे खोटे ठिपके, म्हणजे भुतं, उमटतात ती त्यामुळेच. एनडी पांढऱ्या कागदासमोर धरून एक फोटो काढा. तपकिरी झाक दिसली तर परत करा. झाक सगळीकडे सारखी नसली तर व्हाइट बॅलन्सने (रंग सुधारण्याच्या सेटिंगने) देखील ती पुरती जात नाही.

फिक्स्डची गैरसोयही आहेच, फिल्टर बदलायला वेळ लागतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यासारख्या ठिकाणी तुषार अंगावर येतात, तिथे काच पुसता पुसता फोटो राहून जातो. दोन्ही फिल्टर गाडीतच चढवून खाली उतरा.