डीए पॉलिशर, नऊ महिन्यांनी: मोटर दणकट, वेल्क्रोने घात केला

मे महिन्यात एका रविवारी सकाळी साडेदहाला बॉनेटवर डीए पॉलिशरने (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड स्वतःभोवती फिरतंही आणि छोट्या वर्तुळात हलतंही) पॉलिश चालू असताना पॅड सुटलं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं. बटण बंद करेपर्यंत, पॅड ज्या प्लेटला वेल्क्रोने चिकटतं, तिची उघडी कड बॉनेटला घासली होती. अंगठ्याएवढा पांढरट चट्टा. गाडी काळी, त्यामुळे लांबूनही डोळ्यांत खुपतो. हे लिहायला घेतलं ते त्याच संतापात. पूर्ण करतोय ऑक्टोबरात, आणि मधल्या काळात मत बरंच बदललंय.

मशीन १५ एमएम थ्रो (पॅड हलतं त्या वर्तुळाचा व्यास), पाच इंची प्लेटचं. डिटेलिंगवाल्याने (गाडी पॉलिश करून देणाऱ्याने) एका वेळचे नऊ हजार सांगितले, मशीन तीन पॅडसकट साडेसात हजारांत आलं, म्हणून संक्रांतीला घेऊन टाकलं. गॅरेज नाही. अकोल्यात घरापुढच्या मोकळ्या जागेतच सगळा कारभार. थंडीत दोन रविवारांत पूर्ण गाडी केली, धुताना फडक्याने पडलेली कोळ्याच्या जाळ्यासारखी ओरखड्यांची जाळी जवळजवळ गेली. मोटरबद्दल आजही तक्रार नाही. तासभर चालवलं तरी हाताला मुंग्या येत नाहीत.

आता त्या प्लेटबद्दल. पॅड सुटल्यावर प्लेट उजेडात धरून पाहिली. कडेचे वेल्क्रोचे हुक ताठ उभे होते; मधले, साधारण दहाच्या नाण्याएवढ्या भागातले, मऊ होऊन आडवे झोपले होते. बोट फिरवलं तर मेणासारखं गुळगुळीत. पॅडच्या मध्यभागी हवा पोचत नाही, उष्णता तिथेच साठते. त्यात डीएवर जास्त जोर दिला की डोकं फिरायचं थांबतं आणि पॅड जागच्या जागी थरथरत राहतं, म्हणजे आणखी उष्णता. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली नाही तर हात हलका करा. मला हे मे महिन्यानंतर कळलं.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, प्लेट कन्झ्युमेबल (वापराने झिजणारा भाग) आहे, वॉरंटीत बसत नाही. दुसऱ्या फोनवर विचारलं, उन्हात वापरलं का? हो म्हटलं, तर म्हणे मग विषयच संपला. पण सोबतच्या पुस्तिकेत उन्हाबद्दल एक ओळसुद्धा नाही! वर प्लेट सुटी मिळत नाही, पूर्ण हेड घ्या, २,८०० रुपये. साडेसात हजारांच्या मशीनला २,८०० चं हेड, तेही वेल्क्रोच्या एका चकतीसाठी. मी नाही दिले. प्लेट बसते ते आटे एम-८ चे (८ एमएम व्यासाचे) आहेत हे मोजून घेतलं आणि दुसरीकडून ६५० ची प्लेट आणली. फिट बसली, अजून चालू आहे.

तरी ऊन हा मुद्दा खराच आहे, हे मान्य करावं लागेल. वऱ्हाडातल्या मे महिन्यात साडेदहाला काळ्या बॉनेटवर तळहात टेकवत नाही. तसल्या पत्र्यावर कंपाउंड (ओरखडे काढणारं पॉलिश) दुसऱ्या हातालाच, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या फेरीतच, सुकतं, भुकटी होऊन चिकटतं, आणि ते पुसताना नवे ओरखडे पडतात. पाण्याचंही तेच. आमच्याकडे खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी; थेंब उन्हात वाळला की क्षाराचं पांढरं कडं उरतं आणि शाम्पूने जात नाही. शेवटची बादली मी आता फिल्टरच्या पाण्याची घेतो आणि लगेच टिपून घेतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेतीच्या दुकानातून ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट आणली, चार बांबू रोवले. सकाळी सहा ते साडेआठ एवढंच काम, एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन. तेच कंपाउंड आता चार-पाच हात टिकतं आणि कपड्याच्या एका फेरीत निघतं. एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

उन्हाचा एक उपयोग मात्र घरातल्या साध्या दिव्याने होत नाही. सावलीत पॉलिश केलेला दरवाजा आरशासारखा दिसतो, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण मारून तेल पुसायचं, गाडी उन्हात काढायची आणि सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती नीट पाहायचं. उरलेली जाळी तिथेच गोल-गोल दिसते. दादाने डिटेलिंगवाल्याकडून करून आणलेली गाडी मी अशीच पाहिली. टपावर आणि डिकीवर सगळी जाळी जशीच्या तशी होती.

मशीनला पाचपैकी साडेतीन. सुटी प्लेट विकायला लागले तर साडेचार देईन. घेणार असाल तर पहिल्याच दिवशी जास्तीची प्लेट मागवा आणि आटे आधी विचारा. बॉनेटवरचा चट्टा क्लिअर कोटच्याही (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) खाली गेलाय, नख अडकतं. त्याला आता पेंटरच लागेल.