सुकलेली तपकीर: ओला कापूस, मिठाचा लगदा की सरळ नवी डबी?

तपकीर वाजवीपेक्षा सुकली की चिमटीत ठरत नाही. पंख्याखाली डबी उघडायची सोय नाही, आणि नाकात ओढली तर तिथे न थांबता थेट घशात उतरते. मग ठसका, कडवट खवखव, डोळ्यांत पाणी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे असे हाल होताना बघितले की कोणीतरी हमखास सुचवतं, “थोडं पाणी शिंपडा.” तेवढं मात्र करू नका. पाणी एकसारखं पसरत नाही. जिथे थेंब पडतो तिथे गोळा होतो, बाकीची भुकटी होती तशीच राहते. किटलीच्या वाफेवर धरली तरी तेच, आणि सुगंधी तपकिरीचा वासही उडतो.

आधी एक बघा, तपकीर खरोखर सुकली आहे की मुळात कोरड्या जातीचीच आहे? भाजक्या तंबाखूची अगदी बारीक देशी तपकीर किंवा इंग्लंड-आयर्लंडकडची ‘टोस्ट’ कोरडीच विकतात. तिला ओलावा देण्यापेक्षा चिमूट लहान घ्या आणि जोराने ओढू नका. फुलाचा वास घेतो तेवढाच श्वास पुरतो. तूप-तेलाचा हात लावलेल्या बव्हेरियन तपकिरीची स्निग्धता पाण्याने परत येत नाही, हेही लक्षात असू द्या. जी तपकीर आणली तेव्हा मऊ होती आणि आता उडते, तिच्यासाठीच पुढचे उपाय.

ओला कापूस सगळ्यांना माहीत असतो: घट्ट झाकणाच्या बरणीत तपकीर, शेजारी वाटीत पिळून घेतलेला कापूस. काम लवकर होतं, पण विसरलात तर घात. बंद बरणीतली हवा जवळजवळ पूर्ण दमट होते आणि मुंबईच्या उकाड्यात बुरशीला आणखी काय हवं? सफरचंदाची फोड किंवा बटाट्याची साल तर मी सुचवणारच नाही. ती स्वतःच आधी कुजते आणि आपला वासही तपकिरीला देते.

माझं मत स्वच्छपणे मिठाच्या बाजूने आहे. दोन चमचे मिठात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखा लगदा करायचा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये, कारण सगळी मेख तिथेच आहे. असा लगदा बंद डब्यातल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो. हवा कोरडी असेल तर पाणी सोडतो, जास्त दमट असेल तर ओढून घेतो. लगदा बाटलीच्या झाकणात ठेवा, तपकीर काचेच्या बशीत पातळ पसरा आणि दोन्ही मोठ्या घट्ट डब्यात बंद करा. मीठ तपकिरीला लागू देऊ नका, पत्र्याची डबीही आत नको, गंजेल. एक दिवसाने हलवून चिमटीत दाबून बघा. दाबल्यावर क्षणभर एकत्र राहिली आणि बोट चोळताच सुटली, की झालं. लगेच बाहेर काढा. अजून उडत असेल तर आणखी एक दिवस.

आर्द्रता सांभाळणाऱ्या तयार पुड्या ऑनलाइन मिळतात. त्यांचं तत्त्व हेच, फक्त आकडा निवडता येतो आणि सांडलवंड नाही. चार-पाच डब्या बाळगणाऱ्याला त्या परवडतील. एका डबीसाठी कशाला खर्च?

पावसाळ्यात यातलं काहीच करावं लागत नाही. जून ते सप्टेंबर मुंबईची हवाच इतकी ओली असते की झाकण सैल राहिलं तरी तपकीर ओल धरते. तेव्हा चिंता उलटी, गोळे आणि बुरशी. सुकण्याचा त्रास थंडीतल्या कोरड्या दुपारी आणि एसीच्या खोलीत. कागदाच्या पुडीतली सुटी तपकीर सगळ्यात आधी सुकते, तेव्हा घरी आणताच ती छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा. बाटलीत जितकी कमी हवा, तितकं बरं.

एक गोष्ट मनापासून सांगते. मऊ झाली म्हणून तपकीर निरुपद्रवी होत नाही. निकोटीन तेवढंच राहतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था धूरविरहित तंबाखूला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरते. नाकात खपल्या धरत असतील, रक्त येत असेल, तर प्रश्न तपकिरीच्या कोरडेपणाचा राहिलेला नाही. डबी बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि वास गेला असेल तर? ओलाव्याने पोत परत येतो, सुगंध नाही. मेंथॉल किंवा अत्तर उडालेली, बुरशीचा कुबट वास येणारी किंवा पांढरट तंतू धरलेली तपकीर टाकूनच द्या. पुन्हा घ्यायचीच असेल तर सगळ्यात लहान डबी घ्या, सुकायच्या आत संपेल एवढीच.