डिझायनर बाहेरचा आणावा की पगारावर ठेवावा?

कंपनीची कामाची पद्धत बदलायची आहे, मदतीला डिझायनर हवा आहे, इथवर ठरलं की बहुतेक जण फी आणि पगाराचे आकडे शेजारी-शेजारी मांडतात. त्याआधी गाडं नेमकं कुठे अडलंय ते बघा.

वरच, साहेबांपाशी अडलं असेल, तर बाहेरचा माणूस बरा. १९५६ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीचे प्रमुख, धाकटे थॉमस वॉटसन यांनी डिझायनर एलियट नॉईसना डिझाइनची सूत्रं दिली. नॉईस नोकरीत मात्र शिरले नाहीत, सल्लागारच राहिले आणि थेट वॉटसनशी बोलत राहिले. ग्राफिक डिझायनर पॉल रँडने केलेला आयबीएमचा लोगो, १९६१ चा सिलेक्ट्रिक टाइपरायटर हे त्याच काळातलं काम. साहेबांना तोंडावर 'हे चालणार नाही' म्हणणं पगारी माणसाला जड जातं. (आपल्याकडे तर फारच.)

पगारावरच्या, घरच्या टीमचा फायदा वेगळा. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २००१ मध्ये डिझाइनची जबाबदारी क्लॉडिया कॉचका यांना दिली. त्या कंपनीतल्याच, मार्केटिंगमधून आलेल्या. कुणाला कसं पटवायचं, हे अशा माणसाला शिकवावं लागत नाही. पण याला वर्षं लागतात, आणि वरचा हात निघाला की ही टीम ब्रोशर बनवण्यापुरती उरते.

खाली, रोजच्या कामात अडलं असेल, तर अमेरिकेतल्या कैसर परमनंटे या रुग्णालय-समूहाचा मार्ग मला सगळ्यांत पटतो. तिथे ड्युटी बदलताना नर्सेसची पहिली ४५ मिनिटं काउंटरवर माहिती घेण्यातच जात, पेशंट ताटकळत. आयडिओ या फर्मचे डिझायनर आले, पण टीममध्ये कैसरचेच लोक होते. त्यांत पूर्वी नर्स असलेली एक जण आणि चक्क युनियनचा प्रतिनिधी! माहिती पेशंटसमोरच द्यायची, असं ठरलं. साधं सॉफ्टवेअर घेऊन आठवड्याभरात कच्चा नमुना चालूही झाला. नर्स पेशंटपर्यंत पोहोचायचा वेळ निम्म्याहून कमी झाला. युनियनला नंतर समजवायला गेले असते, तर तोच नमुना हाणून पाडला गेला असता, असं मला वाटतं.

मध्यम आकाराच्या कंपनीने हेच करावं: फर्म बाहेरची, पण पहिल्या दिवसापासून आपली दोन-तीन माणसं पूर्णवेळ तिच्यासोबत. फर्म त्याला तयार नसेल, तर दुसरी बघा. नुसतं पॅकिंग किंवा लोगो बदलायचा असेल, तर चांगला फ्रीलान्सर पुरे.