सिंथवर बाख, आठ महिन्यांनी

एका वेळी एकच सूर वाजवणारा, ३७ पट्ट्यांचा अ‍ॅनलॉग सिंथ (विजेवर सूर घडवणारं वाद्य, सिंथेसायझर) मी गेल्या जुलैत घेतला, तो जर्मन संगीतकार बाखच्या इन्व्हेन्शन्ससाठी, म्हणजे दोन सुरावटी एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या रचनांसाठी. दुकानदार म्हणाला, "दोन हातांचं वाजवायचंय ना, मग हा कशाला?" पण १९६८ साली अमेरिकी संगीतकार वेंडी कार्लोस यांनी ‘स्विच्ड-ऑन बाख’ हा अल्बम केला तोही अशाच मूग सिंथेसायझरवर, एकेक सुरावट आठ ट्रॅकच्या टेपवर चढवत. मीही आधी खालची सुरावट संगणकावर घेतो, मग ती हेडफोनवर ऐकत वरची वाजवतो. माझा हात पेटीवरचा, डावा कायम भात्यावर. दोन्ही सुरावटी उजव्या हाताने वाजवता येतात, याचं मला फार अप्रूप आहे.

निम्मे दिवस एकाच रचनेत गेले: डी मायनरमधली इन्व्हेन्शन, बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ७७५. सूर पायरीपायरीने बी फ्लॅटपर्यंत चढतात आणि तिथून थेट खाली सी शार्पवर उडी घेतात. ही उडी कित्येक दिवस लिबलिबीत यायची. कारण उशिरा सापडलं. आधीची पट्टी किंचित जरी दाबलेली राहिली, तरी या सिंथचा एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा उठतो नि विरतो ते ठरवणारा भाग, नव्याने सुरू होत नाही. नवा सूर आघाताविना, आधीच्या सुराच्या विरत्या शेपटीवरच निघतो. बोट वेळेत उचललं की उडी लख्ख. बाखच्या काळातल्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यावर तार छेडली जाते, जोरात दाबून आवाज फारसा वाढत नाही, म्हणून सुराला वजन येतं ते त्याच्या आधी सोडलेल्या क्षणभर जागेतून. हे वाचलं होतं. हाताला कळलं ते इथे.

तशी छेडलेली धार हवी म्हणून मी सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावर टिकणारा आवाज) शून्यावर आणि डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवतो. याच रचनेतल्या लांबलचक ट्रिलना (दोन शेजारच्या सुरांची भराभर अदलाबदल) मात्र ते चालत नाही, सूर मध्येच संपतो. त्या मी सस्टेन वर करून वेगळ्या घेतो. खालची पट्टी धरून वरची नुसती टिपायची, बोट उचललं की सूर आपोआप खाली परततो. ती ट्रिल गळ्यातून आल्यासारखी हलते. बाखने १७२३च्या हस्तलिखितात या रचनांचा हेतू सांगताना गाण्यासारखं वाजवता येणं सगळ्यात वर ठेवलं आहे, ते मला इथे आठवतं.

तक्रार मोठी आहे ती सुराची. चालू केल्यावर वीसेक मिनिटं सूर निर्माण करणारा ऑसिलेटर स्थिरच होत नाही. मार्चमधल्या एका दुपारी खालची सुरावट घेतली, रात्री गारव्यात वरची. दोन्ही एकत्र ऐकवेनात. आता दोन्ही एकाच बैठकीत, प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावून. पट्ट्या फक्त तीन सप्तकांच्या, पण ऑक्टेव्हच्या बटणाने भागतं.

फ्यूगच्या, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाजांत येत जाणाऱ्या रचनेच्या, वाटेला अजून गेलो नाही. सध्या तीन सुरावटींची एक सिन्फोनिया घेतली आहे. पियानोवर तिची मधली सुरावट दोन हातांत वाटली जाते, कधी उजवा उचलतो, कधी डावा. परवा मी ती एकटीच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाजवली आणि पहिल्यांदाच पूर्ण ऐकली.