डासांचं लिक्विड मशीन: चांगलं, पण वातीकडे लक्ष हवं
ठाणे-नवी मुंबईतल्या ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागांत संध्याकाळी दारं लावूनही डास आत येतातच. दोन मोडचं साधं लिक्विड मशीन तिथे नक्की घेण्यासारखं आहे. तक्रार एकच ऐकू येते, करपट वासाची. तो बहुतेक वेळा वातीचा असतो. ४५ मिलीची बाटली संपली तरी बटण चालूच राहतं, कोरडी वात तापते आणि टोक काळं पडतं. अशी वात खरवडू नका, बाटलीच बदला. नवी बाटली लावण्याआधी अर्धा तास सरळ उभी ठेवा, म्हणजे वात वरपर्यंत भिजते. दुसऱ्या कंपनीची बाटली बसते खरी, पण वात मशीनमधल्या तापणाऱ्या कड्याच्या मधोमध हवी. एका बाजूला टेकली तर तिथेच जळते. सॉकेट आडवं असेल तर फिरणाऱ्या पिनचंच मशीन घ्या, बाटली तिरकी राहता कामा नये. कड्यावरची धूळ प्लग काढून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. रिकाम्या बाटलीत रॉकेल किंवा पाणी अजिबात घालू नका. वास प्लास्टिकचा असेल, पिनेजवळ तपकिरी डाग दिसत असतील, तर दोष बहुधा सैल सॉकेटचा. मशीन लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा.